नाताळला गावी जायला बांद्रा–मडगाव एक्सप्रेस: वसई-बोरिवलीच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी परीक्षण

वसई, नालासोपारा, बोरिवली या पट्ट्यातली कितीतरी ख्रिस्ती घरं नाताळला, ईस्टरला नाहीतर एखाद्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण किंवा गोवा गाठतात. कुणाचं मूळ गाव तिकडे, कुणाचं सासर, तर कुणाला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जायचं असतं. या सगळ्यांसाठी १०११५/१०११६ बांद्रा टर्मिनस–मडगाव एक्सप्रेस ही सर्वांत कामाची गाडी आहे, असं आमचं स्पष्ट मत. मात्र ती आठवड्यातून दोनच दिवस धावते आणि प्रवासात अख्खा दिवस जातो. तारीख जुळली तर हिच्यासारखी सोय नाही. तारीख जुळत नसताना हिचाच हट्ट धरला तर ज्या मिस्सेसाठी (चर्चमधल्या सामूहिक उपासनेसाठी) निघालो तीच चुकते. म्हणून डबे-बाकं नंतर, आधी कॅलेंडर.

गाडीची मूळ माहिती अशी. बांद्रा टर्मिनसहून बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी ६.५० ला सुटते, त्याच रात्री १० वाजता मडगाव. परतीची मंगळवारी आणि गुरुवारी मडगावहून सकाळी ७.४० ला निघते आणि रात्री ११.४० ला बांद्र्याला पोचते. थांबे: बोरिवली, वसई रोड, भिवंडी रोड, पनवेल, रोहा, वीर, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सिंधुदुर्ग, सावंतवाडी रोड, थिवी, करमळी. कुडाळ या यादीत नाही, आणि मालवण-वेंगुर्लेवाल्यांना ते खटकणारच. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली २६ जानेवारी १९९८ ला. पश्चिम उपनगरांतून वसईमार्गे जाणारी ही गाडी सुरू व्हायला २९ ऑगस्ट २०२४ उजाडलं. तोवर पेट्या, म्हातारी माणसं आणि पेंगुळलेली पोरं घेऊन दादर, ठाणे किंवा पनवेल गाठायचं, हाच शिरस्ता होता. गुडघे दुखणाऱ्या आजीला दादरच्या जिन्यावरून न्यावं लागत नाही, या एका गोष्टीसाठीही ही गाडी मोलाची आहे.

आता तारखा. २०२६ साली नाताळ शुक्रवारी आहे, म्हणजे बुधवार २३ डिसेंबरची गाडी अगदी नेमकी बसते. २३ ला रात्री मुक्कामी, २४ चा दिवस गोठा (येशूजन्माचा देखावा), घराची सजावट आणि कन्फेशनला मोकळा, रात्री नाताळची मिस्सा. नाताळनंतरचे शनिवार-रविवार, म्हणजे २६ आणि २७ तारीख, लग्नांचे असतात. नाताळाआधीच्या आगमनकाळात टाळलेली लग्नं याच दिवसांत येतात. तीही उरकून मंगळवारी २९ ला परत निघता येतं. गुरुवार ३१ ची परतीची गाडी आम्ही सुचवणार नाही. ती रात्री उशिरा पोचते, त्यामुळे वर्षअखेरीची आभाराची मिस्सा ना इथे मिळते ना तिथे, आणि १ जानेवारी हा पवित्र मरियेच्या मातृत्वाचा सण दमलेल्या अंगानं सुरू होतो.

नाताळ गुरुवारी येतो तेव्हा मात्र गणित बिघडतं. २०२५ साली तसंच होतं: बुधवारची गाडी २४ तारखेलाच निघणारी, मडगावला रात्री १० ची वेळ. तिला तासभर उशीर झाला तर स्टेशनवरून चर्चपर्यंत पोचताना मिस्सा अर्धी झालेली असते. हल्ली अनेक चर्चमध्ये मध्यरात्रीची मिस्सा अलीकडे ओढून रात्री लवकर सुरू करतात, म्हणजे धोका आणखी वाढतो. अशा वर्षी आधीच्या शुक्रवारी निघावं आणि तेवढी रजा नसेल तर दुसरी गाडी बघावी. २०२७ साली नाताळ शनिवारी आहे. तेव्हा २२ चा बुधवार उत्तम.

ईस्टरचं असं नाही. ईस्टर कायम रविवारीच, त्यामुळे ही गाडी दर वर्षी पवित्र सप्ताहाशी जुळते: बुधवारी रात्री पोचायचं, पवित्र गुरुवारची पाय धुण्याची मिस्सा, शुभ शुक्रवार, शनिवारची रात्रीची जागरण-मिस्सा, ईस्टर, आणि मंगळवारी परत. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे जायचं २४ ला आणि यायचं ३० ला. शुभ शुक्रवारच्या गाडीनं मात्र निघू नये. दुपारी तीनच्या उपासनेच्या वेळी तुम्ही गाडीतच असाल.

संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात जाणाऱ्यांनी नीट ध्यान द्यावं. २०२६ साली ३ डिसेंबर गुरुवारी आहे. बुधवारी रात्री करमळीला उतरून फेस्ताच्या मुख्य मिस्सेला जाता येईल, पण परतीची गाडी त्याच गुरुवारी सकाळीच निघून गेलेली असेल आणि पुढची थेट मंगळवारी. रजेचा एवढा चुराडा करण्यापेक्षा नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, धरावा. तो २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर असतो. शुक्रवार २७ ला निघून मंगळवार १ ला परत फिरलं की शनिवार, रविवार आणि सोमवार असे तीन दिवस हाती राहतात, आणि फेस्ताच्या दिवसापेक्षा गर्दीही कमी. यासाठी मडगावचं तिकीट काढून मागे येण्यात अर्थ नाही. करमळी स्टेशन बॉम जेझू बॅसिलिकेपासून दोन-तीन किलोमीटरवरच आहे.

या गाडीचे सगळे दिवस मंगळवार ते शुक्रवार या चौघांतले. रविवारची मिस्सा प्रवासात बुडाली असं हिच्यामुळे कधीच होत नाही. रविवारी दुपारी निघायचं म्हणून सकाळची पहिली मिस्सा घाईघाईनं उरकणाऱ्यांना याची किंमत कळेल.

तिकिटाची खिडकी प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडते. (३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती, जुन्या सवयीनं ऑगस्टमध्ये शोधत बसू नका.) २३ डिसेंबर २०२६ साठी तो दिवस २४ ऑक्टोबर, आणि २९ च्या परतीसाठी ३० ऑक्टोबर. दोन्ही तारखा आजच लिहून ठेवा. ऑनलाइन आरक्षणात सुरुवातीच्या वेळेत आधार-पडताळणी झालेल्या खात्यांनाच तिकीट मिळतं, म्हणून घरातल्या निदान दोघांची खाती आधीच पडताळून ठेवावी. तत्काळचंही तसंच: आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी १० ला, स्लीपरसाठी ११ ला. नाताळच्या तत्काळवर भिस्त ठेवून लग्नाच्या माणसांना शब्द देऊ नये.

एका तिकिटावर सहाच नावं बसतात. आठ जणांच्या घरानं ती कशीही चार-चार वाटली तर एक गोष्ट हातची जाते. ज्येष्ठांसाठी राखीव खालचे बर्थ ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना मिळतात, पण ते एकटे किंवा दोघे मिळून वेगळ्या तिकिटावर असले तरच. सहा जणांच्या तिकिटात आजी-आजोबांची नावं कोंबली की ही सोय गेली आणि आजीला मधला बर्थ आला. म्हणून आजी-आजोबांचं दोघांचं वेगळं तिकीट काढा, आणि डबा तोच राहावा म्हणून बाकीच्यांचं लगेच पाठोपाठ. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बाराचं बर्थ न घेता अर्ध्या भाड्यात, बर्थ घेतला तर पूर्ण भाडं. प्रवास दिवसाचा असल्यानं सहा-सात वर्षांच्या पोराला बर्थशिवाय नेणं जमतं. दहा वर्षांच्या पोराला पंधरा तास मांडीशी घेऊन बसणं जमत नाही.

वसईहून सावंतवाडी असं थेट तिकीट मागितलं आणि प्रतीक्षा यादी आली, तर ती कोणती यादी ते बघा. मधल्या स्थानकांच्या सामायिक कोट्याची यादी फार हळू सरकते. बांद्रा ते मडगाव असं पूर्ण अंतराचं तिकीट काढून चढण्याचं स्थानक वसई रोड ठेवलं तर थोडे पैसे जास्त जातात, पण सर्वसाधारण यादीत नाव लागतं आणि जागा पक्की होण्याची शक्यता बरीच वाढते. सणासुदीला तो फरक सोसावा. चढण्याचं स्थानक मात्र तिकीट काढतानाच बदला. ते राहून गेलं आणि बांद्र्याला जागा रिकामी दिसली, तर ती दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर पक्कं तिकीट आईवडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्यापैकी कुणाच्या नावावर करता येतं. गाडी सुटायच्या २४ तास आधी आरक्षण केंद्रात अर्ज आणि नात्याचा पुरावा द्यावा लागतो. चुलत-मावस नाती यात बसत नाहीत. धर्मग्रामाची (पॅरिशची) यात्रा किंवा युवा मंडळाची सहल असेल तर सुट्या तिकिटांच्या मागे लागू नये. खिडकीवर मुख्य आरक्षण पर्यवेक्षकाकडे चर्चच्या लेटरहेडवर अर्ज आणि नाव, वय, लिंग लिहिलेली यादी द्यावी. अर्जावर फादरांची सही आणि यादीत एक जबाबदार गटप्रमुख असला की काम सोपं होतं. गडबड होते ती नावं नंतर बदलण्यात, म्हणून पैसे भरल्याशिवाय कुणाचं नाव यादीत घालू नका.

वसई रोडला या गाडीचं एक वैशिष्ट्य आहे: इथे इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात, कारण मुंबईकडून आलेली गाडी पनवेलच्या मार्गाला लागताना उलटी फिरते. याचे दोन परिणाम. एक, इथला थांबा दोन मिनिटांचा नाही, म्हणून पेट्या चढवायला धावपळ करायची गरज नसते. दुसरा, बांद्र्याहून येताना पुढे असलेला डबा वसईनंतर मागे जातो. पुढच्या स्थानकावर चढणाऱ्या नातेवाइकांना डब्याची जागा सांगताना हे लक्षात ठेवा, नाहीतर पनवेलला माणूस फलाटाच्या भलत्या टोकाला उभा राहतो. नायगाव–जूचंद्र जोडमार्ग झाल्यावर ही उलटापालट वाचायला हवी, आणि तो लवकर व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

गाडीला वीस एलएचबी (नव्या बनावटीचे) डबे आहेत: एक टू टायर, तीन थ्री टायर, दोन थ्री टायर इकॉनॉमी, आठ स्लीपर, चार जनरल, बाकी जनरेटर आणि गार्डचा डबा. डिसेंबर-जानेवारीत कुटुंबानं स्लीपर घ्यावा. हवा थंड असते, खिडकी उघडी ठेवता येते, प्रवास उजेडाचा असल्यानं चिपळूणपासून पुढचं कोकण पोरांना डोळे भरून बघता येतं, आणि भाडं एवढं कमी की वाचलेल्या पैशांत सावंतवाडीहून पुढची गाडी सहज होते. एका स्लीपर डब्यात ८० बर्थ असतात. आठ जणांचं घर एका कप्प्यात आणि शेजारच्या बाजूच्या बर्थवर छान सामावतं. अडचण एकच, पनवेल ते रत्नागिरी जनरलची तिकिटं घेऊन आत शिरणारी माणसं. चार वाक्यं गोड बोलून आजोबांची जागा राखावी, आणि नाहीच जमलं तर टीसीला सांगावं. ईस्टरला, मार्च-एप्रिलच्या उकाड्यात, थ्री टायर घ्या. इकॉनॉमी स्वस्त पडते, पण पाय ठेवायला जागा कमी. वर चढणारी तरुण मंडळी असतील तर ठीक. टू टायरचा एकच डबा आहे, तो लवकर भरतो.

पँट्री कार नाही, आणि इथेच लोक फसतात. चहा-वडेवाले चढतात, पण त्यांच्यावर चार पोरांचं जेवण सोडू नये. ई-केटरिंगची सोय असलेल्या स्थानकांवर पीएनआर टाकून जेवण मागवता येतं. गाडी उशिरा धावत असली की ते थंड होऊन येतं. त्यापेक्षा डबा न्यावा. ओल्या नारळाच्या वाटणाचं काही नेऊ नका, दुपारपर्यंत आंबतं. व्हिनेगरमधलं इंद्याल (मसालेदार मांस) किंवा सुकं चिकन टिकतं, सोबत बेकरीचे पाव. पाव कागदात गुंडाळून कापडी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ठेवले की घाम सुटून ओले होतात. उपवासकाळातल्या शुक्रवारी निघत असाल तर मांस वर्ज्य, म्हणून चवळीची सुकी उसळ आणि भाकरी. वाटेतल्या खाण्यासाठी आगाशीच्या सुकेळ्यांना (सुकवलेल्या केळ्यांना) तोड नाही. हात चिकट होत नाहीत, पोट भरतं, आणि उरली तर गावी भेट म्हणून देता येतात. पाणी माणशी दोन लिटर धरा.

सामानाची मर्यादा स्लीपर आणि थ्री टायरमध्ये माणशी ४० किलो, टू टायरमध्ये ५०. वजनापेक्षा आकाराची अडचण जास्त. नाताळचा बांबूचा मोठा तारा नेऊ नये, घडीचा कागदी तारा पेटीच्या तळाशी सपाट बसतो. गोठ्याच्या मूर्ती एकेक करून जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात उभ्या ठेवा. मान आणि हात आधी मोडतात, म्हणून रिकाम्या जागी कापूस भरा. पेंढा इथून नेण्यात काही अर्थ नाही, तिकडे भात कापून झालेला असतो. कीबोर्ड बाकाखाली घालू नका, पाणी तिथेच सांडतं. वरच्या बर्थवर चादरीत गुंडाळून ठेवा. डब्यात जपमाळ म्हणायला कुणाची हरकत नसते, पण आवाज आपल्या कप्प्यापुरता असावा. मेणबत्ती मात्र अजिबात पेटवू नका.

उतरताना अंधार असतो, हे आधीच धरून चला. ही गाडी सिंधुदुर्ग जिल्ह्यात संध्याकाळनंतरच पोचते, आणि मार्गाचा बराच भाग एकेरी असल्यानं (रोहा–वीर टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पुढे क्रॉसिंग आहेतच) सणाच्या जादा गाड्यांमुळे आणखी उशीर होऊ शकतो. सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाही, मळगावात आहे. मिलाग्रिस कॅथेड्रलच्या भागात उतरायचं असेल तरी रिक्षा लागते. वेंगुर्ल्याला जायला आधीच गाडी सांगून ठेवा, त्या वेळी एसटी मिळेलच असं नाही. मालवणवाल्यांनी कुडाळचा थांबा नाही म्हणून सिंधुदुर्ग स्टेशनवर उतरून ओरोस-कसालमार्गे जावं. पेट्या उतरवताना आधी एक तरुण खाली, मग सामान, मग म्हातारी माणसं; काही स्थानकांवर फलाट डब्याच्या पायरीपेक्षा बराच खाली असतो. करबुडे बोगद्यासारख्या लांब बोगद्यांत, तो साडेसहा किलोमीटरचा आहे, फोन लागत नाही, म्हणून गाडीवाल्याला निरोप रत्नागिरी स्टेशनातून द्या, बोगद्याच्या तोंडाशी नको.

निघण्याआधी तिकडच्या चर्चला एक फोन करावा. मिस्सा मराठीत आहे की कोकणीत, आणि २४ ला किती वाजता, हे प्रत्येक धर्मग्रामात वेगळं असू शकतं. सुट्टीत गावच्या चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा करायचा असेल तर तो फोन पंधरा दिवस आधी हवा. बाप्तिस्मा मुळात आईवडिलांच्या स्वतःच्या धर्मग्रामात व्हायचा असतो, म्हणून तुमच्या फादरांचं पत्र लागतं. गॉडफादर-गॉडमदर सोळा वर्षांवरचे आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेले असावे लागतात, त्यांचे दाखलेही जवळ ठेवा. कागद वसईला राहिले आणि माणसं सावंतवाडीला पोचली, असा प्रकार झाला तर बाप्तिस्मा ईस्टरवर जातो.

परतीच्या सामानात दोदोल (नारळ-गुळाची मिठाई) आणि नेवऱ्या येणारच. दोदोल टिकतो, नेवऱ्या पत्र्याच्या डब्यात कागदाचे थर घालून भरा, पिशवीत नेल्या तर वसईला चुरा पोचतो. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, घरची असो वा दुकानाची, आणि गाड्यांत तपासणी होते.

परतीची गाडी वसईला रात्री उशिरा येते. निर्मळ, आगाशी, नंदाखालकडे जाणाऱ्यांना त्या वेळी बस मिळणं कठीण, आणि रिक्षा मिळाली तरी सामानासकट एकीत पाच माणसं बसत नाहीत. दोन-तीन घरं मिळून आधीच एक मोठी गाडी ठरवावी, आणि चालकाला वेळेऐवजी गाडीचा नंबर द्यावा, म्हणजे उशीर त्याला फोनवर स्वतःच दिसतो.

तारीख जुळतच नसेल तर वसईहून गुजरातकडून येणाऱ्या गाड्या आहेत, ओखा–एर्नाकुलम, वेरावळ–तिरुवनंतपुरम अशा. पण त्या लांबच्या प्रवाशांच्या असल्यानं सिंधुदुर्गात फार थांबत नाहीत. मडगावला जाणाऱ्यांनीच त्या बघाव्यात. सिंधुदुर्गसाठी दादरहून रात्री १२.०५ ची तुतारी एक्सप्रेस, सावंतवाडीपर्यंत, रोज असते. तिथे एका चुकीनं अनेकांचा सण हुकला आहे: २३ च्या रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट २४ तारखेचं लागतं. २३ चं काढलं तर तुम्ही स्टेशनवर पोचाल तेव्हा तुमची गाडी जाऊन चोवीस तास झालेले असतील.